उत्तर करेलियाने ताट कसं बदललं

फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेलगत उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलं, तळी, लाकूडतोड आणि दुभती जनावरं यांवर जगणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कष्टकरी घरांत दूधदुभतं वाढलं. पावावर लोण्याचा जाड थर, पेलाभर सायीचं दूध, डुकराचं चरबीदार मांस आणि सगळ्यात सढळ हाताने मीठ, असा रोजचा आहार झाला. पुरुषांच्या हातात सिगारेट होतीच. दिवसभर कुऱ्हाड चालवणारी, बर्फातून पायपीट करणारी ही काटक माणसं चाळिशी-पन्नाशीत पटापट मरत होती. १९७० च्या सुमारास तिथल्या पुरुषांमधलं हृदयविकाराच्या मृत्यूंचं प्रमाण जगात सर्वाधिक गणलं जात होतं. 'अंगमेहनत करणाऱ्याला हार्ट अटॅक येत नाही' असं आपल्याकडे आजही मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे गव्हर्नर आणि लोकप्रतिनिधी यांनी मिळून सरकारकडे मदतीची मागणी केली. पुढच्या वर्षी पेक्का पुस्का या २७ वर्षांच्या डॉक्टरकडे कामाची सूत्रं आली. वैद्यकाबरोबर सामाजिक शास्त्रांचंही शिक्षण घेतलेला हा तरुण. गंभीर आजारी असलेल्या मोजक्या लोकांवर उपचार करून प्रांताचे आकडे हलणार नाहीत, हे त्याच्या चमूने नीट ओळखलं होतं. फार मोठा धोका असलेली माणसं थोडी असतात. थोडा जास्त धोका असलेली मात्र गावभर असतात आणि एकूण मृत्यूंपैकी बरेचसे याच गर्दीत होतात. म्हणून अख्ख्या गावाचं खाणंपिणं बदलायचं ठरलं.

हे घडलं कसं, हा मला या कहाणीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. भाषणं देऊन फारसं काही साधलं नाही. मग 'मार्था' या गृहिणींच्या जुन्या संघटनेला हाताशी धरण्यात आलं. या बायकांनी गावोगाव दीर्घायुष्याचे मेळावे भरवले, एकत्र स्वयंपाक केला आणि परंपरेने चालत आलेल्या मांसाच्या रश्श्यात मांस कमी, कंद आणि भाज्या जास्त घालून तो सगळ्यांना वाढला. चव पटली तशी ती कृती घरोघर गेली. गावात ज्यांच्या शब्दाला मान होता अशा शेकडो स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण मिळालं. सॉसेज बनवणाऱ्या स्थानिक कारखान्याने चरबी आणि मीठ कमी करून मिश्रणात अळंबी घातली. कोणत्या गावाचं कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, याच्या गावागावांत स्पर्धा लागल्या.

विरोधही झाला. लोणी कमी खा म्हटल्यावर दूध उत्पादक खवळणारच, त्यांची रोजीरोटी होती ती. त्यांना शत्रू न मानता त्यांच्यापुढे पर्याय ठेवण्यात आला. तिथे नैसर्गिकरीत्या उगवणाऱ्या बेरींची लागवड आणि विक्री यांना पाठबळ मिळालं. दुग्धालयांनी कमी स्निग्धांशाचं दूध बाजारात आणलं. फिनलंडमध्ये पिकू शकणाऱ्या मोहरीवर्गीय बियांचं तेल लोण्याच्या जागी आलं. शेतकऱ्याच्या पोटाचा विचार न करता लोकांच्या आरोग्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी हे पान पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे.

सुरुवातीच्या पाच वर्षांनंतर हे काम देशभर नेण्यात आलं. चार दशकांत उत्तर करेलियातल्या कामकरी वयाच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. नवी औषधं आणि शस्त्रक्रिया यांचा त्यात वाटा आहेच. पण हिशेब मांडल्यावर दिसलं की घटीचा मोठा हिस्सा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान या तिघांच्या उताराचा होता आणि त्यातही कोलेस्टेरॉलचा सर्वाधिक.

या तीन गोष्टी धोकादायक आहेत हे आधीच समजलं होतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ रहिवाशांची नोंद करून सुरू झालेल्या अभ्यासाने त्यांच्यावर बोट ठेवलं. पुढे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांच्या पाहणीत पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांशी जोडलेला आढळला. तंबाखू, कोलेस्टेरॉलमधला बिघाड, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाचं प्रमाण हे ते घटक. त्याच पाहणीत दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचं दिसलं. इतरांना तो जवळपास सहा वर्षांनी उशिरा आला होता. आपल्या घरात ५३ व्या वर्षी मुलांची शिक्षणं चालू असतात, कर्जाचे हप्ते जात असतात.

आपल्या ताटात लोण्याचा थर नसेल, पण मीठ आहे. लोणचं, पापड, शेव, फरसाण, ठेचा, वर जेवताना घेतलेली चिमूट. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवलं आहे, म्हणजे सगळ्या पदार्थांतलं मिळून एक लहान चमचा. दिवाळीचा फराळ सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. चार दिवसांच्या चकलीने धमनी तुंबत नाही, वर्षभर रोज चहाबरोबर येणाऱ्या फरसाणाने तुंबते. ट्रान्स फॅट या हृदयाला घातक चरबीवर भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या गाडीवर हा कायदा पोहोचत नाही. आणि तंबाखू. सिगारेटच्या बरोबरीने मळलेली तंबाखू आणि बायका दात घासायला वापरतात ती मिश्रीही यात आलीच. चघळलेल्या तंबाखूनेही हृदयाला इजा होते. धूम्रपान सोडलं, तर त्यापायी वाढलेला धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो. इतकी लवकर फळ देणारी दुसरी गोष्ट वैद्यकात क्वचित सापडेल.

यातलं काहीच सुरुवातीला दुखत नाही, ही खरी अडचण. रक्तदाब १६० झाला तरी माणूस शेतात जातो, लोकल पकडतो. म्हणून तिशी ओलांडली की रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. कोलेस्टेरॉलही एकदा बघावं. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर आणखी लवकर. पोटाचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर बाकीच्या तपासण्या लांबवू नयेत. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर 'आता नॉर्मल आलं' म्हणून ती परस्पर बंद करणारे फार आहेत. नॉर्मल आलं ते गोळीमुळे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीच्या काळातच सामील झाले. ठरलेली औषधं, जवळच्या केंद्रात त्यांचा पुरवठा आणि रुग्ण परत आला की नाही याची नोंद, एवढ्या साध्या पायावर ते काम उभं आहे. मार्थांचं काम आपल्याकडे बचत गट आणि आशाताई सहज करू शकतील. महिन्याच्या बैठकीत रक्तदाबाचं यंत्र फिरवायला वेगळा खर्चही फारसा येत नाही.

एवढं करूनही छातीत दाबल्यासारखं झालं, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, दरदरून घाम आला, तर 'गॅस झालाय' म्हणत सोडा पीत बसू नये. मधुमेह्यांना आणि स्त्रियांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. नुसती धाप, मळमळ किंवा विचित्र थकवा जाणवतो. स्वतः गाडी चालवत निघू नये, १०८ ला फोन करावा आणि ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. पहिला ईसीजी चांगला आला आणि त्रास मात्र थांबला नाही, तर घरी न परतता तो थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगावं.