सोळा पानांचं प्रकाशन

तेलगावची चौफुली बीड, परळी, धारूर आणि माजलगाव या चारही दिशांना जोडलेली आहे. साखर कारखाना हाकेच्या अंतरावर असल्यामुळे हंगामात इथे उसाच्या ट्रॉल्यांची रांग हटत नाही. अशा कोणत्याही चौफुलीवर असतं तसं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान इथेही आलंच. लग्नसराईत पत्रिका, वाढदिवसाला फ्लेक्स, एरवी आधार-पॅनची कामं. त्याच संगणकावर, त्याच प्रिंटरवर कवितेचा संग्रह निघू शकतो. कागद आहे, फॉन्ट आहे, शाई आहे. मग बीड जिल्ह्यातल्या नव्या कवीला पुस्तक काढायचं म्हटलं की आधी कर्जाऊ पैसे का शोधावे लागतात?

उत्तरासाठी सत्तर वर्षं मागे जावं लागेल, तेही मुंबईला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ नावाचा अंक काढला, तो सायक्लोस्टाइल करून. आजच्या वाचकाला हे यंत्र सांगावंच लागेल. मेण चढवलेला पातळ स्टेन्सिल कागद टंकयंत्रात घालायचा, रिबन काढून टाकायची आणि अक्षरं ठोकायची. किंवा टोकदार लेखणीनं हातानं कोरायची. जिथे अक्षर उमटलं तिथलं मेण निघतं. तो कागद शाईच्या पिंपावर ताणून बसवायचा आणि हँडल फिरवत एकेक प्रत काढायची. चूक झाली तर त्यावर लाल द्रव लावून, वाळू देऊन पुन्हा ठोकायचं. हात लागला की शाई पसरते, फार प्रती काढल्या की स्टेन्सिल फाटतो. शंभर-दोनशे वाचकांसाठी एवढा खटाटोप.

खटाटोपाचं कारण कवितेतच होतं. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला होऊन ते निर्दोष सुटले होते, पण त्यांच्या नंतरच्या पिढीला मर्ढेकरांच्याही पुढे जायचं होतं. ओळ कुठे तुटावी, कवितेत मुंबईची बंबैया हिंदी यावी का, विरामचिन्हं हवीत की नकोत, एकाच पानावर दोन आवाज बोलू शकतात का, हे सगळं करून बघायचं होतं. प्रतिष्ठित मासिकांची चाळणी बारीक होती. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे जाणते संपादक होते, हे मान्यच करायला हवं. नवकथा आणि नवकविता त्यांनीच वाढवली. पण कोणतीही चाळणी काही वर्षांनी आपल्याच मापाचे दाणे खाली सोडायला लागते. राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून त्यावर तुटून पडणं आणि पुढे त्या मासिकाचा अंक जाहीरपणे जाळला जाणं, हे त्या रागाचं टोक. जाळण्याचं समर्थन मी करणार नाही. मात्र जाळणाऱ्यांनी नुसतं जाळलं नाही, स्वतःचे अंकही काढले.

आणि किती काढले! अशोक शहाणे यांचं ‘असो’ १९६३ चं, ढाले यांचं ‘येरू’, चंद्रकांत खोत यांचं ‘अबकडई’, औरंगाबादहून निघालेलं ‘वाचा’. कलकत्त्यात भुकेल्या पिढीचे कवी तेच करत होते, अमेरिकेत बीट कवी. ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आला तेव्हा याच मंडळींत वावरला. तरी ही चळवळ बाहेरून आणलेली होती, असं म्हणणं चुकीचं ठरेल. इथे भालचंद्र नेमाडे होते, तसे कामाठीपुऱ्यातून आलेले नामदेव ढसाळही होते. त्यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यातले कितीतरी शब्द मराठी पुस्तकात त्याआधी कुणी छापलेच नव्हते. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि कवीबरोबर वस्तीत फिरून, शब्दांचे अर्थ विचारून घेऊन लिहिली.

पैशाचा हिशेब सरळ होता. वर्गणीदार नाहीत, जाहिराती नाहीत. खिशात पैसे आले की अंक, नाही तर पुढच्या पगारापर्यंत थांबा. वृत्तपत्रांसाठीची टपाल सवलत नोंदणी झालेल्या आणि नेमानं निघणाऱ्या अंकांनाच मिळते. त्यामुळे ही अनियतकालिकं पूर्ण दराच्या तिकिटावर तरी गेली, नाही तर हातोहात. बहुतेक चार-पाच अंकांत बंद पडली. बंद पडण्याचा त्यांना फारसा खेदही नसे, हे आजच्या वर्धापनदिनी संस्कृतीत मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

यातून टिकलेलं नाव म्हणजे शहाणे यांचं ‘प्रास प्रकाशन’. १९७७ मध्ये त्यांनी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. त्याच वर्षी कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. ‘जेजुरी’सुद्धा कुठल्या बड्या प्रकाशकानं काढलेली नव्हती, अदिल जसावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर या चार कवींनी मिळून चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाऊस’नं ती १९७६ मध्ये पुस्तकरूपात आणली. नंतर मराठी संग्रहासाठी वाचकांना पाव शतक थांबावं लागलं. ‘भिजकी वही’ २००३ मध्ये आली, तीही ‘प्रास’कडूनच, आणि कवी गेल्यानंतर २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले चित्रकार-संकल्पक. पान कसं दिसावं याचा त्यांचा विचार कवितेइतकाच काटेकोर. ‘प्रास’कडे गोदाम, विक्रीयंत्रणा असलं काही नव्हतं. हस्तलिखित वाचणारा, अडवणारा, मुद्रितं डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस होता.

मराठवाड्यात हेच काम वेगळ्या निकडीनं झालं. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८ च्या सुमारास सुरू केलेलं ‘अस्मितादर्श’ बंद पडायला तयार नव्हतं. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच अक्षर आलं होतं अशा खेड्यापाड्यांतल्या मुलांचं लिहिलेलं पानतावणे वाचत, पत्र लिहून सुधारायला सांगत, छापत. २०१८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांनी हे पन्नास वर्षं केलं. बीड जिल्ह्यापुरतं बोलायचं तर अंबाजोगाईला मुकुंदराज आहेत, पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत आहेत, १९८३ चं व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालचं अखिल भारतीय संमेलनही आहे. (कागद सोडून अंगावर घ्यायच्या कापडावर लिहिणाऱ्या माणसाला आपण नुसतं संतकवी म्हणून मोकळे होतो. प्रयोगशील कवींच्या यादीत त्यांना कुणी घालत नाही.)

आज अडचण उलटी झाली आहे. छपाई स्वस्त, पण कवीकडूनच पैसे घेऊन पुस्तक ‘काढून देणारे’ गल्लोगल्ली. दोन-तीनशे प्रती, त्यातल्या निम्म्या कवीच्या पलंगाखाली, एक प्रकाशन समारंभ, शाल, श्रीफळ. हस्तलिखित कुणी वाचलेलं नसतं. वाचलं असेल तर एकही कविता गाळलेली नसते. याला लघुप्रकाशन म्हणणं ‘असो’ आणि ‘अस्मितादर्श’वर अन्याय आहे. त्या मंडळींकडे यंत्र भिकार होतं, पण नकार देणारा मित्र होता. आपल्याकडे यंत्र उत्तम आहे. ऊसतोडीची उचल, मुकादम, खोपी, पाचट हे सगळं भोवती असताना आपल्या कवितेत अजून पुस्तकी चांदणं पडतं, कारण ‘हे काढून टाक’ म्हणणारं कुणी शेजारी बसलेलं नाही.

म्हणून तेलगाव, धारूर, माजलगावातल्या लिहित्या मुला-मुलींना सुचवावंसं वाटतं ते असं. प्रकाशकाला पैसे देऊ नका. चौघं-पाचजण जमा, एकमेकांच्या कविता मोठ्यानं वाचा आणि निम्म्या बाद करा. उरलेल्यांची पुस्तिका करा: ए-फोरचे चार कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, मधोमध घडी, दोन पिना, झाली सोळा पानं. तिच्यावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापा, कारण टपाल खात्याची स्वस्त सेवा हवी असेल तर ते लागतं. पुस्तकवाल्यांच्या भरवशाची नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे, ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर. ठरावीक काळानं निघणाऱ्या अंकांना ती लागू नाही, पुस्तिकेला चालते. आयएसबीएन क्रमांक सरकार फुकट देतं, त्यासाठी कुणी हजार रुपये मागितले तर देऊ नका. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठवायची असते. ती पाठवा. जिल्ह्यातले बहुतेक संग्रह तिथवर कधी पोचतच नाहीत.