घरातले दुकान, कपाटातले भांडवल

बाजारपेठेत गाळा घेणे प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून घरातूनच साड्या, ड्रेस मटेरियल, कुर्ते आणि लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या भगिनी आज प्रत्येक गावात आढळतात. सुरतेहून सिंथेटिक साड्या मागवाव्यात, सोलापूर किंवा इचलकरंजीहून सुती माल आणावा, नात्यातल्या व ओळखीच्या घरी तो दाखवावा, फोनवर छायाचित्रे पाठवावीत, असा हा व्यवसाय चालतो. खरेदी कशी करावी आणि विक्री कशी वाढवावी, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु खरेदी आणि विक्री यांच्या मधल्या काळात माल घरात कसा राहतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. नफ्याला गळती लागते ती बहुधा याच काळात.

एक साधा हिशोब पाहावा. समजा, सरासरी ९०० रुपये खरेदीच्या ६० साड्या घरात आहेत. म्हणजे ५४,००० रुपये कपाटात पडून आहेत. एका साडीमागे १५० रुपये सुटतात असे धरले, तर एक साडी डाग पडून वाया गेली की सहा साड्यांच्या विक्रीचा नफा गेला. कपाटातला माल हे अडकलेले भांडवल आहे, हे ध्यानात आले की त्याची निगा राखणे हे व्यवसायाचेच काम ठरते.

पहिला प्रश्न जागेचा. पुष्कळदा आधी माल येतो आणि मग त्याला जागा शोधली जाते. मग गठ्ठे पलंगाखाली जातात, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर चढतात, आणि पाहुणे आले की सगळे इकडचे तिकडे होते. वास्तविक क्रम उलटा हवा. घरातले एक कपाट किंवा एक भिंत व्यवसायासाठी ठरवून द्यावी आणि तेथे मावेल तेवढाच माल आणावा. घाऊक व्यापारी मोठ्या गठ्ठ्यावर सवलत देतो. परंतु ठेवायला जागा नसेल, तर ती सवलत अखेर महागच पडते. व्यवसायाला अशी मर्यादा घातली की घराचे घरपण टिकते आणि कुटुंबातील इतरांची कुरकुरही उरत नाही.

जागा निवडताना ओल, ऊन आणि आग या तिन्हींचा विचार करावा. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला आणि स्नानगृहाच्या भिंतीला कपाट टेकवू नये. मागे चार बोटे तरी मोकळी जागा सोडावी. गठ्ठे थेट फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावेत. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने घडीच्या वरच्या भागाचा रंग उडतो आणि तशी साडी उलगडताच गिऱ्हाईक ती परत ठेवते. स्वयंपाकघराजवळ ठेवलेल्या कपड्यांना फोडणीचा वास लागतो. देवघरातील समई आणि विजेचा मीटर यांपासून माल दूर असावा, हे तर सांगायलाच नको. घराचा विमा असला तरी त्यात विक्रीचा माल धरलेला असेलच असे नाही; ते कंपनीला आधी विचारून घ्यावे.

प्रत्येक कापडाची प्रकृती वेगळी असते. खळ दिलेल्या सुती साडीला दमट हवेत बुरशी लवकर धरते. रेशीम आणि लोकर प्राणिज असल्याने त्यांना कसर लागते. खऱ्या जरीत चांदी असते आणि ती हवेने काळवंडते. म्हणून जरीची साडी स्वच्छ, कोरड्या मलमलीच्या कापडात गुंडाळावी आणि तिची घडी दर तीन-चार महिन्यांनी बदलावी. एकाच घडीवर वर्षभर राहिलेली जर तेथेच मोडते. जड भरतकामाचे कपडे टांगल्यास खांद्यावर ताणतात, ते आडवे ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत साडी दाखवायला सोयीची असते. पण बंद पिशवीत ओल कोंडते, म्हणून पावसाळ्यात बराच काळ तशी ठेवू नये.

किडीच्या बाबतीत, जीव पडल्यावर तो मारण्यापेक्षा तो पडूच नये अशी व्यवस्था करणे, ही जयणेची दृष्टी येथे व्यवहारालाही सोयीची आहे. धान्याला एरंडेल चोळून ते वर्षभर टिकवणाऱ्या घरांना हे नवे नाही. कपाट कोरडे असावे, कपडा घाम, अत्तर किंवा अन्नाचा डाग न लागलेला असावा आणि महिन्यातून एकदा तरी कप्पे उघडून वारा द्यावा. पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवता येतो. ओला पाला मात्र डाग पाडतो. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. त्या विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरात टाळलेल्याच बऱ्या.

निगा राखण्याइतकीच नोंदही महत्त्वाची. प्रत्येक नगावर क्रमांकाची लहान चिठ्ठी असावी आणि वहीत त्या क्रमांकासमोर खरेदीची तारीख, भाव व कप्पा लिहावा. गिऱ्हाइकाने छायाचित्र पाहून मागितलेली साडी शोधायला अर्धा तास लागला, तर तोवर त्याचे मन बदलते. साडी पाहण्यासाठी कोणाकडे दिली असल्यास तेही त्याच दिवशी लिहावे. घरच्या ओळखीत मागायला संकोच वाटतो आणि माल विसरला जातो. नवा माल मागे आणि जुना पुढे ठेवावा. सहा महिने न विकलेला नग वेगळा काढून खरेदीच्या भावात दिला, तरी अडकलेली रक्कम मोकळी होते. तो आणखी वर्षभर ठेवल्याने त्याची किंमत वाढत नाही.

या सर्वांसाठी पावसाळ्यापूर्वीचा एक रविवार राखून ठेवावा. सगळा माल बाहेर काढावा, वहीशी ताडून पाहावा, घड्या बदलाव्यात, कपाट कोरड्या फडक्याने पुसावे. काय खपले आणि काय पडून राहिले, हे त्या दिवशी डोळ्यांसमोर येते. दिवाळीची खरेदी किती आणि कोणत्या मालाची करायची, हे त्यानंतरच ठरवावे.