शिखराच्या दोनशे मीटर अलीकडे

पेण-रोह्याच्या माणसाला डोंगराचे फारसे कौतुक नसते, कारण तो रोजचाच. आषाढात तो ढगांत हरवतो, दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि चैत्रातल्या एखाद्या रात्री त्याच्या अंगावर वणव्याची माळ पेटलेली दिसते. पेणजवळ सांकशीचा किल्ला, रोह्याच्या उशाशी अवचितगड, पलीकडे सुरगड, घोसाळगड, पालीला सरसगड आणि त्याच्याही पुढे सुधागड. शाळेतल्या नोकरीत मी कितीतरी सहली या गडांवर नेल्या. पण आपण ‘गड पाहिला’ म्हणतो, ‘डोंगर चढलो’ असे म्हणत नाही. आपला डोंगर हा इतिहासाचा डोंगर. तटबंदी, टाकी, दरवाजा, महाराजांची आठवण आणि उतरताना करवंदे.

हिमालय मात्र आपल्याला दोनच तऱ्हांनी ठाऊक असतो. एक, केदार-बद्रीची यात्रा. दुसरा, वर्तमानपत्रातला एव्हरेस्ट. त्यामुळे जेव्हा माझा भाचा म्हणाला, ‘मामा, आम्ही चौघं लाहौलमधल्या मियार दरीत जातोय, तिथं एक बिननावाचं शिखर आहे,’ तेव्हा घरात कोणालाच काही उमगले नाही. यात्रा म्हणावी तर देव नाही, आणि पराक्रम म्हणावा तर शिखराला नावही नाही!

माझी धाकटी बहीण रोह्याला दिलेली. तिचा फोन आला, ‘दादा, तू त्याला सांग. तुझं ऐकेल तो.’ मुलाने चार आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण केले होते, मग पुढचेही. पण 2022 च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरकाशीच्या संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर द्रौपदी का दांडा या शिखरावर हिमप्रपात कोसळला, ती बातमी बहिणीच्या मनातून गेली नव्हती. प्रशिक्षणात असे होते, तर चौघे एकटे गेल्यावर काय, हा तिचा प्रश्न. प्रश्न अगदी योग्य होता. मग उत्तर शोधण्यासाठी मीच वाचायला बसलो.

हिमालयात जाण्याच्या दोन रीती आहेत. पहिली वेढा घालण्याची. किल्ल्याला वेढा घालतात तसा डोंगराला. पायथ्याशी मोठा तळ, त्यावर एकावर एक छावण्या, मध्ये कायमचे बांधलेले दोर, खालून वर सतत रसद, आणि शेवटी त्या सगळ्या उतरंडीच्या टोकावरून दोघा-चौघांची शिखराकडे धाव. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत साडेतीनशेहून अधिक हमाल होते. शिखरावर पोचले ते तेनसिंग आणि हिलरी, दोघेच.

दुसरी रीत युरोपातल्या आल्प्सवरून आली, म्हणून तिला आल्पाइन म्हणतात. तळापर्यंत खेचरे चालतील, हमाल चालतील. त्यानंतर मात्र जे लागेल ते आपल्याच पाठीवर. तंबू, दोर, स्टोव्ह, चार दिवसांचे जेवण. आधी भरून ठेवलेल्या छावण्या नाहीत, बांधून ठेवलेला दोर नाही, प्राणवायूची नळकांडी नाहीत. निघायचे, चढायचे आणि त्याच दमात परतायचे. ओझे कमी म्हणून वेग जास्त. वेग जास्त म्हणून धोक्याच्या जागी थांबणे कमी. हा तिचा हिशेब. आणि काही बिघडले तर पाठीशी कोणी नाही, ही तिची किंमत.

ही रीत आजची नाही. 1907 मध्ये लाँगस्टाफ नावाच्या इंग्रज डॉक्टरने 7120 मीटर उंचीचे त्रिशूल शिखर मोजक्या सोबत्यांसह एका दिवसाच्या झपाट्यात गाठले होते. 1934 साली शिप्टन आणि टिलमन हे दोघे इंग्रज, आंग थार्के आणि आणखी दोघे शेर्पा, असे पाचच जण ऋषिगंगेच्या भयंकर घळीतून वाट काढत नंदादेवीच्या पायथ्याच्या बंदिस्त खोऱ्यात उतरले. मोठमोठ्या तुकड्यांना जे जमले नव्हते ते पाचांनी केले. 1975 मध्ये मेसनर आणि हाबेलर या दोघांनीच आठ हजार मीटरवरचे गाशेरब्रुम एक चढून दाखवले, आणि जगाला ही रीत खऱ्या अर्थाने मान्य झाली.

महाराष्ट्रात आपण वाढलो ते पहिल्या रीतीवर, आणि त्यात कमीपणा काही नाही. 1988 ची कांचनगंगा मोहीम वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली गेली. शिखर हाती आले नाही, एक तरुण साथीही गमवावा लागला. पण आपली सह्याद्रीत भटकणारी मुले आठ हजारी शिखराला भिडू शकतात, हे त्या मोहिमेने दाखवले. 1998 साली हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या आठ जणांनी एव्हरेस्ट गाठले. अशा मोहिमांना वर्षानुवर्षांची तयारी आणि लोकवर्गणी लागते. त्यातून माणसे घडतात.

दुसऱ्या रीतीच्या जवळ जाणारे आपल्याकडचे मोठे नाव म्हणजे मुंबईचे हरीश कपाडिया. मंगळदास मार्केटातल्या कापडाच्या व्यापारात दिवस घालवणारा हा माणूस सह्याद्रीत पाय घट्ट करून हिमालयात गेला, आणि कोणी न पाहिलेल्या दऱ्या मोजक्या माणसांनिशी धुंडाळत राहिला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 2003 मध्ये आपले मानाचे पदक त्यांना दिले.

पण माझ्या बहिणीला सांगावी अशी गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची, 1974 ची. नंदादेवीच्या त्याच खोऱ्यात, देवतोली शिखराहून उतरताना, सुमारे 6200 मीटर उंचीवर कपाडिया हिमभेगेत कोसळले. खुबा निखळला. चालणे अशक्य. हेलिकॉप्टर उतरेल अशा तळापर्यंत त्यांना सोबत्यांनी वाहून आणले, तब्बल तेरा दिवस! पुढे शस्त्रक्रिया झाली, पुन्हा नीट चालायला दोन वर्षे गेली. आणि मग हा माणूस पुन्हा हिमालयात गेला.

दुसरी गोष्ट 1992 ची. कपाडिया आणि क्रिस बॉनिंग्टन यांची भारतीय-ब्रिटिश मोहीम कुमाऊंतल्या पंचचुलीला गेली होती. पंचचुली पाचवर चौघे चढले. उतरताना रात्री खडकात ठोकलेली खुंटी निसटली आणि स्टीफन व्हेनेबल्स दोरासह खाली गेले. दोन्ही पाय जायबंदी. सोबत्यांनी त्यांना तंबूत आणून ठेवले, निरोप दऱ्या ओलांडून खाली गेला, आणि आपल्या वायुदलाच्या वैमानिकांनी उतारावर हेलिकॉप्टर अधांतरी धरून त्यांना उचलून नेले. ते अनेक वर्षे डोंगरातच मुरलेले होते, तरीही खुंटी निसटली. हे लपवून मुलांना धाडसाची भाषणे देण्यात अर्थ नाही.

मी या दोन्ही गोष्टी बहिणीला सांगितल्या. ती म्हणाली, ‘म्हणजे पडतातच ना?’ मी म्हटले, ‘पडतात. म्हणून कोणाबरोबर जातो ते महत्त्वाचं.’ ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने चौघांनाही रोह्याला जेवायला बोलावले, मलाही.

त्या दुपारी मला ही मुले खरी कळली. चौघेच का, असे मी विचारले. एकाने वाटीतली आमटी बाजूला सारून ताटात बोटाने दाखवले. एका दोराला दोघे, असे दोन दोर. एकाला लागले तर एक त्याच्याजवळ थांबणार, दोघे मदत आणायला उतरणार, कारण हिमनदीवरून एकट्याने चालायचे नसते. तिघे असले तर हा हिशेब बसत नाही. सहा असले तर ओझे, वेळ आणि मतभेद वाढतात. सॅटेलाइट फोनला आपल्या देशात सरकारी परवानगी लागते, त्यामुळे त्यावर भरवसा नाही. वरच्या दरीत मोबाइल चालत नाही. शिखराची परवानगी रीतसर काढलेली. विमा उतरवलेला.

मग त्यांनी वहीचे एक पान बहिणीपुढे ठेवले. त्यावर चौघांचा आपापसातला करार होता. सकाळचे अकरा वाजले की शिखर कितीही जवळ असले तरी मागे फिरायचे, कारण उन्हाने बर्फ सुटतो आणि त्यात अडकलेले दगड खाली येऊ लागतात. डोकेदुखीबरोबर कोणाचा तोल जाऊ लागला तर चर्चा न करता त्याला खाली उतरवायचे. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे मेंदूला सूज आलेल्या माणसाला स्वतःचे आजारपण कळत नाही, ते सोबत्याला ओळखावे लागते. आणि तिसरे कलम, चौघांपैकी ज्याला परतावेसे वाटेल त्याचे मत शेवटचे. बहिणीने तो कागद दोनदा वाचला आणि खाली स्वतःची एक ओळ लिहिली, ‘गणपतीला घरी.’

2024 साली गणपती 7 सप्टेंबरला होते. आमच्या पेणमध्ये त्या दिवसांत कारखान्याकारखान्यांतून रंगाचा वास येतो, ट्रक भरून मूर्ती बाहेरगावी जातात आणि घरोघरी आपल्या गणपतीची वाट पाहतात. निघायच्या तोंडावर, 31 जुलैच्या रात्री, हिमाचलात कुल्लू, मंडी आणि सिमला जिल्ह्यांत ढगफुटी झाली. टीव्हीवर वाहून गेलेली घरे दिसू लागली. मुले थांबली. रस्त्यांची खात्री झाल्यावर 6 ऑगस्टला निघाली. सामानात माझ्याकडून पेणचे पोह्याचे पापड होते. वजनाला हलके, स्टोव्हवर भाजता येणारे.

मनालीहून 2020 मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्यातून लाहौलात उतरायचे, चंद्रभागेच्या काठाने उदयपूरला जायचे. तिथे मृकुला देवीचे जुने लाकडी कोरीवकामाचे मंदिर आहे आणि तिथेच मियार नाला चंद्रभागेला मिळतो. आपली पंढरीची चंद्रभागा वेगळी. हीच पुढे चिनाब होते. नाल्याच्या काठाने वर गेले की खंजर गाव, मग वस्ती संपते. पुढे कुरणे, गद्दी मेंढपाळांचे कळप, मग दगडगोट्यांनी झाकलेली लांबच लांब हिमनदी, आणि तिच्या दोन्ही अंगांना ग्रॅनाइटच्या भिंती. आपला सह्याद्रीचा काळा कातळ उन्हापावसाने सुटा होतो, हाताने चाचपून घ्यावा लागतो. तिथला खडक घट्ट, असे भाचा सांगत होता. पण फटींत बर्फ.

दोन आठवडे हवा अंगवळणी पाडण्यात गेले. ‘उंच चढायचं, खाली झोपायचं,’ हा तिथला पाठ. मग एका रात्री एक वाजता ते शेवटच्या तंबूतून निघाले. साडेदहाला शिखराच्या साधारण दोनशे मीटर अलीकडे होते. वर माथा स्वच्छ दिसत होता. चढणीचा अवघड भाग मागे पडला होता. आणि एकाचे बोलणे अडखळू लागले. त्याला सरळ रेषेत दहा पावले टाकायला सांगितले. सहाव्या पावलाला तो कलला. तो स्वतः म्हणत होता, ‘मी ठीक आहे, तुम्ही तिघे जाऊन या.’ कराराचे दुसरे कलम कोणी मोठ्याने वाचून दाखवले नाही. दोर उलटा फिरला. रात्र पडेपर्यंत ते हजारभर मीटर खाली आले, सकाळी तो मुलगा चहा मागू लागला.

5 सप्टेंबरला भाचा रोह्याच्या घरी होता. नाकाची सालटी निघालेली, सहा किलो वजन उतरलेले. गणपतीत आरतीला येणारा प्रत्येकजण विचारी, ‘मग? शिखर मिळालं?’ ‘नाही’ म्हटले की समोरचा माणूस अवघडून प्रसाद घेई आणि विषय बदली. गावात फलक लागला नाही, सत्कार झाला नाही. दोनशे मीटर कमी पडले, एवढीच त्या मोहिमेची नोंद गावाच्या खाती झाली.

मला हेच खटकते. आपण पोचण्याची नोंद ठेवतो, परतण्याची ठेवत नाही. परीक्षेत, धंद्यात, निवडणुकीत आपल्याला एकच प्रश्न विचारता येतो, मिळालं का? साडेदहा वाजता, माथा समोर दिसत असताना, वर्षभराची बचत खर्च झालेली असताना मागे वळणारी तीन निरोगी मुले आपल्या आसपास आहेत, याचे मोल आपल्या हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे? माझ्या मते ते शिखराच्या रकान्यातच लिहावे.

छोटी तुकडी म्हणजे आपोआप शहाणी तुकडी, असे मात्र मुळीच नाही. चौघे उतावळे एकत्र आले तर मोठ्या मोहिमेपेक्षा धोका अधिकच. म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी असे काही काढील तेव्हा ‘जाऊ नकोस’ किंवा ‘शाब्बास’ म्हणण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. प्रशिक्षण कुठे झाले? सोबती किती दिवसांचे ओळखीचे, आणि त्यांना आजारी, भुकेले, चिडलेले पाहिले आहे का? एकाला लागले तर बाकीचे काय करणार? आणि मागे कधी फिरणार? शेवटच्या प्रश्नाला घड्याळातली वेळ हे उत्तर आले तर निम्मी काळजी मिटली असे समजावे. उरलेली निम्मी आईची. ती मिटत नाही, मिटूही नये.

वहीचे ते पान बहिणीने फ्रेम वगैरे केलेले नाही. रेशनकार्ड, वीजबिले असतात त्या फाइलीत ते ठेवले आहे. पुढच्या वर्षीच्या जाण्याची बोलणी सुरू झाली तेव्हा तिने तेच काढून पुढे केले आणि म्हणाली, ‘तारीख बदला, बाकी राहू दे.’