हाव वेगळी, आवड वेगळी

घरातील ज्येष्ठांच्या सवयींविषयीची तक्रार दवाखान्यात बहुधा एकाच सुरात ऐकू येते : ‘डॉक्टर, या वयात कसला हा मोह?’ कोणाची मिश्री सुटत नाही, कोणी मधुमेह असूनही लाडवांचा डबा शोधून काढतात, कोणी मध्यरात्र उलटली तरी मोबाईलवर रील्स पाहत बसतात. बोलणाऱ्याच्या स्वरात काळजी असते, तसा ठपकाही असतो. आणि ज्यांच्याविषयी हे बोलले जाते, ते आजी किंवा आजोबा शेजारीच मान खाली घालून बसलेले असतात. वाचकहो, हा ठपका कितपत योग्य आहे, हे ठरवण्यापूर्वी मेंदूत काय घडते ते पाहू या.

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूच्या एका भागात त्यांनी बारीक तार बसवली होती. पिंजऱ्यातील दांडी दाबली की त्या भागाला विजेची सौम्य चेतना मिळे. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबू लागले. पुढील प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. मेंदूतील सुखाचे केंद्र सापडले, असे तेव्हा वाटले. या साऱ्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा आहे, हे पुढे उलगडले आणि डोपामिन म्हणजेच सुख, असा समज रूढ झाला.

तो समज अपुरा होता. केंट बेरिज या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मेंदूतील डोपामिन जवळजवळ नाहीसे झालेल्या उंदरांचे निरीक्षण केले. ते उंदीर समोरच्या अन्नाकडे वळतही नसत. पण गोड द्रव तोंडात सोडला की नेहमीसारखे ओठ चाटत. गोडी कळत होती, गेली होती ती ओढ. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन निराळ्या व्यवस्था आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर हाव वेगळी आणि आवड वेगळी. डोपामिनचा संबंध मुख्यतः हावेशी आहे.

ही ओढ खुणेनेच जागी होते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांना ठरावीक इशाऱ्यानंतर रस मिळत असे. सवय झाल्यावर डोपामिनच्या पेशी रस मिळताना नव्हे, तर इशारा मिळताच चेतू लागल्या. डबीचे झाकण वाजणे, जेवणानंतरची वेळ, मोबाईलचा आवाज हे आपले इशारे. वस्तू हाती येण्याआधीच मन तिकडे धावलेले असते. त्यातही पुढे काय मिळेल याची खात्री नसेल, तर ओढ अधिकच टिकून राहते. पुढची रील कशी असेल, पुढचा डाव लागेल का, ही अनिश्चितताच माणसाला खिळवून ठेवते.

मेंदू मात्र तोल सांभाळू पाहतो. तीव्र उत्तेजना वारंवार मिळू लागली, की तो आपली संवेदनक्षमता कमी करतो. मग तेवढ्याच मात्रेने भागत नाही आणि साध्या गोष्टी फिक्या वाटू लागतात. सवयीची वस्तू मिळाली नाही तर बेचैनी, चिडचिड, झोप न लागणे सुरू होते. अखेरीस ती वस्तू सुखासाठी नव्हे, तर ही बेचैनी थांबवण्यासाठी घेतली जाते. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना मी दिवसभरात मिश्री किती वेळा लावता, हे मोजायला सांगितले. आठ वेळा भरल्या. ‘त्यांपैकी किती वेळा खरोखर बरे वाटले?’ असे विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सकाळची एकच. बाकीच्या आपला हात जातो म्हणून.’

उतारवयात हा तोल सांभाळणे अधिक कठीण का होते? वयानुसार मेंदूतील डोपामिनची यंत्रणा हळूहळू मंदावते. चव आणि वास बोथट होतात, म्हणून जेवणात साखर-मीठ जास्त लागते. शरीरातील पाण्याचे प्रमाण घटल्याने पूर्वीइतकेच मद्य अधिक बाधते. त्याहून मोठे कारण म्हणजे रिकामा वेळ. नोकरी संपते, जोडीदार जातो, गुडघ्यांमुळे जिना उतरणे नको होते. आनंदाच्या अनेक वाटा बंद झाल्यावर हाताशी उरलेली एकच वाट माणूस घट्ट धरतो. त्याला केवळ हावरेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

येथे काळजीवाहकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. सवय जुनी आहे की नवी, हे प्रथम पाहावे. आयुष्यभर काटकसर केलेली व्यक्ती अचानक भरमसाट खरेदी करू लागली, पैसे लावून खेळू लागली, अनावर खाऊ लागली किंवा तिच्या लैंगिक वर्तनात बदल झाला, तर तो स्वभावदोष समजू नये. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, काही रुग्णांत प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारख्या औषधांमुळे असे घडू शकते. कारण ही औषधे डोपामिनसारखेच काम करतात. लाजेपोटी रुग्ण हे सांगत नाहीत. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात मेंदूचा पुढचा भाग आधी बाधित होतो. त्यात विसराळूपणापूर्वीच गोडाचा हव्यास आणि वागण्यातील संकोच सुटणे दिसू शकते. अशा वेळी उपदेश नव्हे, तपासणी हवी.

आता तोल परत मिळवण्याविषयी. पहिला नियम सुरक्षिततेचा. रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबवल्यास कंप, भास, भ्रम किंवा फिट येऊ शकते आणि ते जिवावरही बेतू शकते. अनेक महिने घेतलेल्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्याही टप्प्याटप्प्यानेच कमी कराव्या लागतात. हे दोन्ही वैद्यकीय देखरेखीखालीच करावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहारात मोठी कपात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, नाहीतर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

तंबाखू, गोड आणि मोबाईल यांबाबत मोजणीपासून आरंभ करावा. आठवडाभर एका वहीत वेळ लिहावी आणि पुढे ‘आवडले’ किंवा ‘नुसता हात गेला’ एवढीच नोंद करावी. ज्या वेळी नुसता हात जातो, त्या वेळा आधी कमी कराव्यात. तंबाखू अखेर पूर्णच सोडायची आहे, हे मात्र विसरू नये. वस्तू नजरेआड ठेवावी : मिश्रीची डबी उशाशी नको, मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असावा. तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाणी पिणे, बडीशेप चघळणे, अंगणात एक फेरी मारणे पुरते. पहिले काही दिवस कठीण जातात, पण पुढील आठवड्यांत मेंदू हळूहळू जुळवून घेतो.

मात्र रिकामी केलेली जागा भरली नाही, तर सवय परत येते. ज्यात थोडे श्रम आणि माणसांची सोबत आहे, असा आनंद मेंदूला अधिक मानवतो. सकाळची फेरी, कुंडीतील रोपे, शब्दकोडे, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा किंवा स्वयंपाकघरात बसून मटार सोलणे. आरंभी हे सारे नीरस वाटेल. ते नीरस वाटणे हेही जुन्या सवयीचेच लक्षण आहे, म्हणून लगेच सोडू नये.

कुटुंबीयांना एक विनंती. डबी हिसकावून घेऊ नका, चारचौघांत हिणवू नका. अपमानाने माणूस लपवू लागतो. सवय तशीच राहते. त्यापेक्षा कोणत्या वेळी तलफ येते ते विचारा आणि नेमकी तीच पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसा, आपला मोबाईल बाजूला ठेवून. मदतीसाठी शासनाच्या विनामूल्य सेवा आहेत : मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, तंबाखूमुक्तीसाठी १८००-११-२३५६. तंबाखू सोडताना औषधांचीही मदत होते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर तपासणी लांबवू नये.

सत्तरीतही मेंदू नव्या सवयी शिकू शकतो. वेळ थोडा अधिक लागतो आणि सोबतीला माणूस लागतो.