माटुंग्याची गादी

रबाळ्याच्या एमआयडीसीत हल्ली काचेच्या इमारती आणि डेटा सेंटर यांची चलती आहे. ठाणे-बेलापूर पट्टा वसला तो मात्र रसायनांवर. १९६०च्या दशकात खाडीपलीकडच्या या जमिनीवर उद्योग येऊ लागले, नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर उभा राहिला, आणि आसपास रंग, औषधे, रसायने बनवणारे लहानमोठे कारखाने आले. ते चालवायला इंजिनिअर लागत, आणि ते घडवणारे हाकेच्या अंतरावरचे ठिकाण म्हणजे माटुंग्याचे यूडीसीटी, मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग. आज त्याचे नाव आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तो आता स्वतःच विद्यापीठ आहे.

विभागप्रमुखांच्या नावांचा फलक बहुतेक ठिकाणी कुणी वाचत नाही. यूडीसीटीचा वाचण्यासारखा आहे. इथे खुर्चीवरचा माणूस बदलला की प्रयोगशाळेतली कामेही बदलत गेली.

१ ऑक्टोबर १९३३ रोजी विभाग सुरू झाला. गिरण्यांच्या मुंबईला कापडाचे रसायन जाणणारी माणसे हवी होती, म्हणून पहिले विषय वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. पहिले प्रमुख फॉर्स्टर, ब्रिटिश. १९३८ साली के. वेंकटरामन आले, विभागाचे पहिले भारतीय संचालक. मूळचे मद्रासचे, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ पुढे आठ खंडांपर्यंत वाढला. त्यांच्याच काळात विभागाचे बिऱ्हाड माटुंग्याला हलले. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे बाळ दत्तात्रेय टिळक आणि रघुनाथ माशेलकर हे माटुंग्याचेच दोघे त्याच पदावर बसले.

वेंकटरामन यांच्या काळात विभागाचा जीव रंगात होता. तो रासायनिक भट्टीकडे, म्हणजे रिअॅक्टरकडे वळवला मनमोहन शर्मा यांनी. जोधपूरचा हा मुलगा यूडीसीटीतच शिकला, केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी करून आला आणि १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, थेट प्राध्यापक झाला. आजच्या नेमणुकांचे कागद पाहता हे कुणाला खरे वाटणार नाही.

त्यांचा विषय वायू आणि द्रव यांची गाठ पडते तिथला. रबाळ्यातल्या कुठल्याही रासायनिक कारखान्याचा स्क्रबर, म्हणजे वायू धुणारा मनोरा, पाहा. खालून आम्लाची वाफ असलेला वायू चढतो, वरून कॉस्टिकचे पाणी मनोऱ्यात भरलेल्या तुकड्यांवरून ओघळत येते. प्रश्न असा की मनोरा किती उंच बांधायचा? कमी उंच बांधला तर वास गावात जातो, जास्त बांधला तर पैसे वाया. उत्तर दडलेले असते द्रवाच्या पृष्ठभागावर. आतले ताजे द्रव क्षणभर वर येते, वायू शोषते, पुन्हा आत जाते. त्या क्षणात वायू नुसता विरघळतो की रासायनिक क्रियाही उरकते, यावर सगळा हिशेब. डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी हा हिशेब मांडायची रीत घालून दिली. त्यात प्रयोगशाळेतली हुशारी होतीच, पण कारखान्यात चालणारे गणितही होते. म्हणून शर्मासरांचा शब्द उद्योगात चालायचा.

ते संचालक होते १९८९ ते १९९७, जेमतेम आठ वर्षे. १९९०मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द त्या खुर्चीबाहेरची आहे. ज्येष्ठराज जोशी हे मसूरचे, शर्मांचे विद्यार्थी. बुडबुड्यांच्या स्तंभांत द्रव कसा फिरतो हा त्यांचा विषय. कोल्हापूरकडचे गणपती यादव हेही शर्मांचेच विद्यार्थी, उत्प्रेरकांचे जाणकार. अनिरुद्ध पंडित जोशींचे, म्हणजे नात्याने शर्मांचे नातू-शिष्य. जोशी १९९९ पासून दहा वर्षे संचालक, यादव पुढची दहा वर्षे आणि त्यांच्यानंतर २०१९ ते २०२४ पंडित कुलगुरू.

संचालकाचा कुलगुरू झाला तो जोशींच्या काळातल्या बदलामुळे. विभागाला आधी स्वायत्तता मिळाली, मग २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा. ही घटना कुठल्याही नेमणुकीपेक्षा मोठी. अभ्यासक्रमात एक विषय बदलायचा तर विद्यापीठाच्या मंडळांचे उंबरठे झिजवण्याची पाळी संपली. सोबत स्वतःचा खर्च स्वतः पाहण्याची डोकेदुखीही आली. यादवांच्या कारकिर्दीत, २०१८ साली, जालना आणि भुवनेश्वरला नवी आवारे उघडली.

घराण्यासारख्या चालणाऱ्या गादीचे फायदे आहेत. माणसे पारखलेली असतात, उद्योगांशी जुने संबंध तुटत नाहीत, आणि औषध उद्योजक अंजी रेड्डींपासून मुकेश अंबानींपर्यंतचे माजी विद्यार्थी आपल्या घरी आल्यासारखे वावरतात. तोटाही आहे. एकाच गुरूच्या वाटेने आलेल्यांना तेच प्रश्न महत्त्वाचे वाटत राहतात. रबाळ्यासारख्या पट्ट्यातला रासायनिक उद्योग गुजरातेतल्या दहेजसारख्या ठिकाणी सरकला असताना माटुंग्याने नवे प्रश्न कुठून घ्यायचे, हे ठरवायला एखादा परका माणूस आला तर बिघडणार नाही. विभागाची पायाभरणी करणारे पहिले दोन्ही प्रमुख परकेच होते, आणि त्यांतला दुसरा पुण्याला निघून गेल्यावर सात वर्षांत केंब्रिजहून शर्मा परतले.