जखम बरी झाली, रोग नव्हे!

'गुप्तरोग' हे नाव दोन्ही अर्थांनी खरे आहे. रोगी तो लोकांपासून लपवतो आणि रोग रोग्याच्या शरीरात लपून बसतो. यांतले दुसरे लपणे अधिक घातक.

उपदंश म्हणजे गरमीचेच उदाहरण घ्या. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर चट्टा उठतो. तो दुखत नाही आणि औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. रोग्याला वाटते, सुटलो! पण जंतू रक्तात पोचलेले असतात. गर्भवतीच्या शरीरातून ते वारेवाटे बाळापर्यंत जातात.

माझ्याकडे एक जोडपे आले. दोनदा मूल पोटातच दगावलेले. घरची माणसे सुनेला दोष देत होती. मी दोघांचेही रक्त तपासायला पाठवले. दोघांनाही उपदंश निघाला. नवरा म्हणाला, "डॉक्टर, लग्नाआधी जखम झाली होती, पण ती आपोआप बरी झाली." दोघांनीही पेनिसिलिनची इंजेक्शने घेतली. पुढच्या खेपेला मूल सुखरूप जन्मले.

परमा व क्लॅमिडिया या रोगांत पुष्कळ स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही, पण गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते. एचआयव्हीही कित्येक वर्षे गप्प राहतो. म्हणून त्रासाची वाट न पाहता तपासणी करावी.

ती कोणी करावी? गर्भवतीने पहिल्या तीन महिन्यांतच, आणि सोबत पतीनेही. नवा जोडीदार असेल किंवा निरोधविना बाहेर संबंध आला असेल त्यांनी लगेच, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. कारण सुरुवातीला रक्तात दोष दिसत नाही. असे संबंध चालू असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी. उपदंशाच्या उपचारानंतरही रक्त पुन्हा तपासावे लागते. आणि उपचार एकट्याने घेऊन भागत नाही, जोडीदारालाही द्यावे लागतात.

जिल्हा रुग्णालयात ही सोय मोफत आहे. एचआयव्ही चाचणीसाठी संमती घेणे व निकाल गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. 1097 या मोफत क्रमांकावर माहितीही मिळते. भिंतीवरच्या जाहिराती वाचून 'हमखास' पुड्या घेऊ नका.

वाचकहो, रक्त तपासले म्हणून कोणाची अब्रू जात नाही. न तपासल्याने मात्र घरातल्या निरपराध जिवाला शिक्षा होते.