लिलावाचा निवाडा कधी करावा?

प्रो कबड्डीचा लिलाव आटोपला, की वर्तमानपत्रांपासून पानठेल्यापर्यंत संघांना गुण वाटले जातात. कोणी बाजी मारली, कोण फसला, हे तेव्हाच ठरते. हंगाम संपला, की हेच निवाडे बिनदिक्कत फिरवले जातात. संघ जिंकला तर प्रशिक्षक द्रष्टा, हरला तर उधळ्या. त्यातही प्रशिक्षक नवा असला, तर एवढ्यावर त्याचे पद जाऊ शकते. म्हणून निर्णय चांगला होता की निकाल चांगला लागला, हा भेद नीट तपासला पाहिजे.

पुणेरी पलटणचे उदाहरण घेऊ. २०२२ मध्ये, नवव्या हंगामासाठी, बी. सी. रमेश या संघाचे नवे प्रशिक्षक झाले. त्या लिलावात पलटणने इराणचा बचावपटू फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला. संघ प्रथमच अंतिम फेरीत गेला आणि जयपूरकडून ३३-२९ असा हरला. पुढल्या वर्षी पलटणने फजलला सोडले. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात त्याच्याच जागी, म्हणजे डाव्या कोपऱ्यात खेळणारा, त्याच्याच देशाचा महंमदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. फजल १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला.

एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून तेव्हा ५ कोटींच खर्च करता येत होते. त्यातले ४७ टक्के एकट्यावर! हा आकडा ऐकून वेडेपणा वाटतो. पण अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे हे तरुण चढाईपटू संघात आधीच होते. उरलेली मोठी गरज एकच होती. फजलच्या भावापेक्षा ७५ लाख जास्त मोजून पलटणने सुमारे आठ वर्षांनी लहान खेळाडू मिळवला. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले, हे खरे. तरी निर्णयाची बाजू लिलावाच्या दिवशीच भक्कम होती. अंतिम सामना तीन गुणांनी हरला असता, तरी ती तशीच राहिली असती.

याउलट पवन सेहरावतचे पाहा. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. पैसे वाया गेले, पण दुखापत बोली लावणाऱ्याच्या हाती नसते. नरेंदर या नवख्या चढाईपटूच्या बळावर संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. तो खेळला, भरपूर गुणही मिळवले, तरी संघ तळाला राहिला. अर्ध्याहून अधिक रक्कम एका चढाईपटूवर गेल्यावर बाकीचा संघ कशातून उभा करणार? हा प्रश्न पहिला सामना होण्याआधीच विचारता येत होता.

लिलावात एक सापळा मुळातच असतो. १९७१ मध्ये तीन अमेरिकी अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी तो दाखवून दिला. वस्तूची खरी किंमत कोणालाच नक्की ठाऊक नसते. प्रत्येकाचा अंदाज वेगळा, आणि वस्तू मिळते ती ज्याचा अंदाज सर्वांत चढा त्याला. पुढे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी अमेरिकी फुटबॉलमधील खेळाडू-निवडीचा अभ्यास केला. तिथे बोली नसते, संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. वरची पाळी मिळवण्यासाठी संघ आपल्या खालच्या अनेक पाळ्या देऊन टाकतात. या सौद्यात ते वाजवीपेक्षा जास्त मोजतात, असे दोघांना आढळले. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा दुसऱ्या फेरीतला खेळाडू मोजलेल्या पैशांचे चीज अधिक करत होता.

तेव्हा निवाडा करताना विचारायचे ते एवढेच: संघाला नेमके काय कमी होते, त्याच जोडीचा दुसरा खेळाडू कितीला मिळत होता, आणि बोलीनंतर हाती काय उरले? पलटणनंतर शादलुईला हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातच विजेतेपद मिळवले. पलटण बाद फेरीतही नव्हती. लगेच शादलुईला सोडल्याचा दोष निघाला. पण कर्णधार अस्लम जायबंदी होऊन त्या हंगामातून बाहेर गेला होता, हे त्या हिशेबात धरायला नको? २०२५ मध्ये अजय ठाकूर या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, शादलुईविनाच, पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली.

ही चूक कबड्डीपुरती नाही. हिंगणघाटच्या कापूस बाजारात ती दरवर्षी दिसते. २०२१-२२ मध्ये ज्यांनी कापूस घरात रोखून धरला, त्यांना क्विंटलला दहा हजारांवर भाव मिळाला आणि गावाने त्यांना हुशार ठरवले. पुढल्या वर्षी अनेकांनी तेच केले. अंगाला खाज सुटेपर्यंत घरात कापूस सांभाळला, आणि उन्हाळ्यात सुरुवातीपेक्षाही कमी भावाने विकला. आता तेच लोक मूर्ख ठरले. कर्जाची मुदत कधी होती, ठेवायला कोरडी जागा होती का, थोडा विकून थोडा ठेवता आला असता का, हे दोन्ही वर्षी कोणी विचारले नाही. खेळात अशा निवाड्याने एखाद्या प्रशिक्षकाचे पद जाते. इथे एका घराची पत जाते.